नोकरी सोडा, हिशेब सोडू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला जे कळलंय ते बरोबर आहे की नाही हे तुम्हालाच दिसेल. वय ४७. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटंट, एकोणीस वर्षं एकाच ठिकाणी. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती, पण वडील म्हणाले चित्रं काढून पोट भरत नाही, म्हणून बी.कॉम. मुलगी बारावीला, घराच्या कर्जाचे सहा वर्षांचे हप्ते बाकी, वहिनी खासगी शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपासून रविवारी पुन्हा रंग हातात घेतलेत आणि आता राजीनामा देऊन पूर्ण वेळ चित्रकार व्हायचं मनात आहे. तुम्ही विचारलंय की वय उलटून गेलं का, जी.डी. आर्टच्या पदविकेला प्रवेश घ्यावा का, आणि चित्रांवर घर चालेल का. जाता जाता हेही विचारलंय की एका सहकाऱ्याने चित्र मागितलंय, त्याचे किती घ्यायचे.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती मधेच आलेली एक ओळ: "संध्याकाळी सातला घरी येतो, जेवण होईपर्यंत नऊ वाजतात, मग ब्रश धरला तरी हात चालत नाही." पैसे कमी पडतात असं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. कामाचा वीट आलाय असंही नाही, उलट ताळेबंद जुळला की अजून बरं वाटतं असं लिहिलंय. म्हणजे तुमची अडचण नोकरी ही नाही. दिवसातला ताजा वेळ कारखान्याला जातो आणि चित्राच्या वाट्याला उरलेला, दमलेला वेळ येतो, ही अडचण आहे. या अडचणीवर राजीनामा हा एक उपाय झाला. माझ्या मते तो पहिला उपाय नव्हे.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. मी चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढायचो. त्या काळी जॅकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचं, डिझाईन म्हणजे ग्राफ पेपर. चौकोन भरलेला असेल तर त्या जागी ताणा, म्हणजे उभा धागा, वर, रिकामा असेल तर खाली. मोर असो की कमळ, एकेक चौकोन भरत काढायचं, मग पंचिंगवाला त्यावरून कार्डांना भोकं पाडणार आणि ती मागावर चढणार. पुढे ते काम कॉम्प्युटरवर गेलं. माझी चाळिशी तेव्हा उलटली होती. मी बांधलेली नोकरी सोडली, डिझाईन सोडलं नाही. दोन-चार कारखान्यांची कामं सुटी घ्यायला लागलो आणि सकाळ जलरंगाला दिली. आता चित्रं विकतो आणि मोठ्या माणसांना शिकवतो. मुंबईत गॅलऱ्यांच्या जगात वाढलेला एखादा चित्रकार तुम्हाला कदाचित वेगळं सांगेल, आणि त्याच्या जागी तो बरोबर असेल. मी सोलापुरात राहून, सोलापूरच्या खर्चात हे कसं जमतं एवढंच सांगू शकतो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमचा हप्ता केवढा, वहिनींच्या पगारात घरखर्चातला किती भाग निघतो, आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत का, तुम्हाला साखर किंवा बीपी आहे का, मुलीला इंजिनिअरिंग-मेडिकलला घालायचंय की इथेच बी.एस्सी. करायचंय. यातलं एक जरी बदललं तरी माझं उत्तर थोडं सरकेल. कर्ज फिटलेलं असतं आणि मुलगी कमावती असती तर मी एवढं लांबण लावलंच नसतं.

आता वयाचं. या बाबतीत लोक दोन-चार नावं तोंडावर फेकतात, ती अर्धीच सांगतात. रवींद्रनाथ टागोर साठीनंतर चित्रांकडे गंभीरपणे वळले आणि त्यांचं पहिलं प्रदर्शन १९३० साली पॅरिसला झालं, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. खरं आहे, पण त्यांना हप्ता भरायचा नव्हता. पॉल गोगँ शेअर दलालाचं काम सोडून चित्रकार झाला, हेही खरं. मात्र १८८२ साली पॅरिसचा शेअर बाजार कोसळला होता, त्याला पाच मुलं होती, आणि पुढे त्याची बायको कोपनहेगनला फ्रेंचच्या शिकवण्या घेऊन घर चालवत होती. गोगँचं उदाहरण देणारे तिच्याबद्दल कधी बोलत नाहीत. आपल्या जिल्ह्याचं नाव निघालं की चित्रकार एम. एफ. हुसेन येतातच. पंढरपूरला जन्म, १९१५ सालचा. मुंबईत त्यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवली, नंतर फर्निचरच्या दुकानासाठी मुलांची खेळणी डिझाईन केली. म्हणजे पोटाची सोय आधी वेगळी होती.

तुम्ही बघावं असं उदाहरण भूपेन खक्कर यांचं. जन्म १९३४, मुंबईचे, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ च्या सुमारास ते बडोद्याला गेले ते कलासमीक्षा शिकायला, चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. बडोद्यात कितीतरी वर्षं ते एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब बघत होते आणि उरलेल्या वेळात चित्रं काढत होते. त्या चित्रांत न्हावी आले, घड्याळं दुरुस्त करणारा आला, म्हणजे रोज रस्त्यात दिसणारी साधी माणसं. पुढे देशातल्या मोठ्या चित्रकारांत त्यांची गणना झाली. अर्धवेळ अकाउंटंट असण्याने त्यांचं काही अडलं नाही. उलट कुठलं चित्र विकलं जाईल याची फिकीर न करता हवं ते काढता आलं, असं मला वाटतं.

हात वयामुळे अडत नाही. डोळ्यावर चष्मा येतो, पाठ लवकर आखडते, एवढंच. अडतं ते वेगळ्या ठिकाणी, आणि ते मी माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक मोठ्या माणसात बघतो. पहिल्या दिवशी मी समोर पितळी तांब्या ठेवतो. शाळकरी पोरगं तो वेडावाकडा काढतं आणि हसून दुसरा कागद मागतं. पन्नाशीचा माणूस तोंडाचा लंबगोल नीट काढतो आणि बुड मात्र सरळ रेषेने संपवतो, कारण तांब्या टेबलावर बसलाय आणि टेबल सपाट आहे हे त्याला माहीत असतं. प्रत्यक्षात नजरेच्या पातळीखाली जसजसं जावं तसतसा लंबगोल उघडत जातो. तोंडापेक्षा बुडाचा जास्त गोल दिसतो. समोर दिसत असूनही तो ते काढत नाही, माहीत असलेलंच काढतो. दाखवून दिलं की चेहरा पडतो. बँकेत मॅनेजर, शाळेत मुख्याध्यापक राहिलेली माणसं असतात, तांब्याने त्यांना नापास केलेलं असतं. बरेच जण तिथेच थांबतात. पुढच्या आठवड्यात "पाहुणे आले होते", त्याच्या पुढच्या आठवड्यात फोन नाही.

तुमची ए ग्रेड इथे थोडी आडवी येईल. इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम अशी घोटून घेतलेली सवय असते आणि हात सफाईदार झालेला असतो. पण तीस वर्षांत तुमची नजर खूप पुढे गेलीय. तुम्ही चांगली चित्रं बघितलीत, मोबाईलवर रोज बघता. हात मात्र सोळाव्या वर्षी जिथे होता तिथेच आहे. दोघांतलं हे अंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष फार छळतं. या काळात घरात पैशाची चणचण असेल तर माणूस वाईट चित्राला दोष न देता नशिबाला देतो, आणि काम थांबतं. पहिली दोन वर्षं तरी चित्रातून पैसे यावेत अशी गरजच राहू नये, हे मी सांगतो ते म्हणून.

जी.डी. आर्टचं उत्तर लवकर देतो: नको. तो पदविका अभ्यासक्रम काही वर्षांचा, पूर्ण वेळ हजेरीचा आहे आणि अठरा-वीस वर्षांच्या पोरांसाठी रचलेला आहे. शाळेत कलाशिक्षकाची नोकरी हवी असेल तर पदविका लागते. तुम्हाला नोकरी सोडायचीय, दुसरी धरायची नाही. भिंतीवरच्या चित्राला कोणी पदविका विचारत नाही. आठवड्यातून दोनदा एखाद्या चांगल्या चित्रकाराकडे बसा, जो तुमचं चित्र तुमच्या देखत दुरुस्त करेल आणि तोंडावर स्पष्ट बोलेल. गोड बोलणारा शिक्षक या वयात परवडत नाही.

आता पैशांकडे येतो. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे फसलेली बघितली आहेत.

समजा तुम्ही उद्या राजीनामा दिलात. सोलापुरात चित्र काढणाऱ्याला पैसे कुठून येतात ते बघा. एक, मुलांचे क्लास: एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी, उन्हाळी वर्ग, रंगभरण स्पर्धा. दोन, फोटोवरून व्यक्तिचित्रं: साठीशांतीला वडिलांचं, भिंतीवर लावायला आजोबांचं, लग्नाच्या वाढदिवसाला जोडप्याचं. तीन, शाळांच्या भिंती, हॉटेलांच्या भिंती, गणपतीतली सजावट. चार, स्वतःच्या मनातली चित्रं विकणं. पहिल्या तीन गोष्टींना मागणी आहे. चौथीला सुरुवातीची काही वर्षं जवळजवळ नसते. आपल्याकडे घर बांधणारा माणूस फरशीवर मोकळ्या हाताने खर्च करतो आणि भिंतीवर कॅलेंडर लावतो. ही तक्रार नाही, बाजार असा आहे.

म्हणजे नोकरी सोडलेला माणूस वर्षभरात काय करू लागतो? संध्याकाळी पाच ते आठ क्लास. दुपारी फोटोवरून आजोबा. शनिवार-रविवार शाळेच्या भिंती. मुलांच्या परीक्षेच्या हंगामात रात्री फळीवर कागद ताणून ठेवायचे, सकाळी फीसाठी पालकांचे फोन. हातात दिवसभर ब्रश असतो, म्हणून लोक म्हणतात वा, चित्रकार झाला. पण स्वतःचं चित्र काढायला त्याच्याकडे पूर्वीच्या रविवारइतकाही वेळ नसतो. वर एक नुकसान असं की जी गोष्ट कामावरून आल्यावर विसावा होती, तिचंच काम झालं. माझ्या ओळखीत असे दोघे-तिघे आहेत. चांगले हात होते. आजोबांच्या मिशा रंगवून रंगवून त्यांची रेषा मेली.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. तुमच्या हातात दोन कसब आहेत, त्यातलं एक आजच विकलं जातंय. तेच विकत राहा. हिशेबाला सोलापुरात काम कमी नाही. यंत्रमागवाले, गणवेश शिवणारे, टॉवेलचे छोटे निर्यातदार, किराणा-औषधांची दुकानं, यातल्या अनेकांना पूर्ण वेळ अकाउंटंट परवडत नाही आणि नवशिक्या पोरावर जीएसटी सोडायची भीती वाटते. एकोणीस वर्षं एका ठिकाणी हिशेब सांभाळलेल्या माणसाचं नाव बाजारात असतंच. अशी पाच-सहा खाती धरली तर तुमचा आठवडा अर्धा मोकळा होतो.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. हिशेबाचं काम महिन्यात सारखं पसरलेलं नसतं. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, अकरा तारखेला, कर भरायचं ३बी वीस तारखेला. म्हणजे ओढ असते ती महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत, आणि वीसनंतर श्वास घेता येतो. जुलैत आयकराची रिटर्नं, सप्टेंबरात ऑडिट, हे दोन महिने चित्राच्या नावाने शून्य धरा. बाकीच्या महिन्यांत एकवीस तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचा तुकडा सलग चित्राला देता येतो. सलग नऊ-दहा दिवस रोज चित्राजवळ असणं आणि आठवड्यातून एक रविवार असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रविवारी पहिला तास मागच्या रविवारी कुठे होतो ते आठवण्यातच जातो.

लगेच राजीनामाही देऊ नका. आधी मालकांशी बोला. त्यांना म्हणा, दुपारी दोननंतर येतो, पगार त्या मानाने कमी करा, हाताखाली एक मुलगा द्या, त्याला मी तयार करतो. छोट्या कारखानदाराला जुना अकाउंटंट जाणं फार महागात पडतं, बँकेपासून ऑडिटरपर्यंत सगळे धागे त्याच्या हातात असतात. बरेच मालक पहिल्यांदा कपाळाला हात लावतात, चार दिवसांनी हो म्हणतात. नाहीच म्हणाले तर तुमचं काही गेलं नाही, तोपर्यंत बाहेरची दोन खाती धरा. निदान सहा महिने अशी अर्धी व्यवस्था चालवून बघा. सकाळ मोकळी मिळूनही तुम्ही पेपर वाचत बसलात आणि बँकेची कामं करत राहिलात, तर दमणूक हे कारण नव्हतं हे कळेल. तसं कळणंही वाईट नाही. मग रविवारची चित्रं सुखाने काढा.

कागदपत्रांचं दोन ओळींत, कारण हा तुमचाच प्रांत आहे आणि तरीही स्वतःच्या बाबतीत अकाउंटंट लोक हमखास ढिले असतात. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर (मूळ पगार व महागाई भत्ता त्यात येतात), दर वर्षाला पंधरा दिवसांची, महिना सव्वीस दिवसांचा धरून. ती आली की तिला हात न लावता कर्जाच्या मुद्दलात टाकायचा विचार करा. कर्मचारी पेन्शन योजनेत तुमची दहा वर्षं कधीच झाली आहेत, म्हणजे ५८ व्या वर्षी पेन्शन आहे. ५० नंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितकी दर वर्षाला ४ टक्क्यांनी कमी होते, तेव्हा घाई करू नका. पीएफ काढून घराच्या गच्चीवर स्टुडिओ बांधणारे मी बघितलेत. स्टुडिओ छान होतात.

आणि मेडिक्लेम. हे ठळक समजा. कारखान्याचा गटविमा असेल तर नोकरी संपली की तो संपतो. नवीन वैयक्तिक पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी काढा, म्हणजे तो काळ नोकरीतच सरकायला लागेल. ४७ व्या वर्षी चित्रकार होण्यात सगळ्यात मोठा धोका कुठला असं कोणी विचारलं, तर मी विमा नसताना झालेलं एखादं ऑपरेशन म्हणेन. प्रतिभा वगैरे नंतर.

आता सकाळ मोकळी झाली असं धरून चालतो. ती कशी वापरायची हे आपल्या गावात ऊन ठरवतं. तुम्ही जलरंगात काम करता असं लिहिलंय आणि "वॉश सारखा पडत नाही, डाग पडतात" अशी तक्रार केलीय. वॉश म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर. कधी काढता ते लिहिलं नाही, पण रविवारी दुपारी असणार. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. तुम्ही आभाळाचा वॉश वरून खाली आणता आणि ब्रश पुन्हा पाण्यात बुडवून येईपर्यंत वरची कड अर्धवट वाळलेली असते. तिच्यावर ओला ब्रश टेकला की फुलकोबीसारखा डाग उमटतो. कोकणातल्या चित्रकाराचे व्हिडिओ बघून तुम्ही तसंच करत असाल तर ते इथे होणार नाही, त्याच्या हवेतच पाणी आहे. आपल्याकडे असं करा: कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, मिनिटभर पाणी पिऊ द्या, मग प्लास्टिकच्या किंवा ॲक्रिलिकच्या फळीवर चिकटवून बसवा. मागची ओल पुढची बाजू बराच वेळ ओली ठेवते. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाका, जास्त टाकलेत तर कागद दिवसभर चिकट राहील. आभाळाचा रंग आधीच वाटीत भरपूर कालवून ठेवा, अर्ध्यात संपला तर तसाच पुन्हा जमत नाही. आणि पंखा बंद. घाम येतो, येऊ दे.

साडेपाच-सहाला बाहेर पडलात तर हे निम्मे त्रास होत नाहीत आणि सावल्याही मिळतात. दुपारी बाराला ऊन डोक्यावर असतं, भुईकोटाच्या बुरुजाला घडण उरत नाही, नुसता चपटा दिसतो. सकाळी तोच बुरूज एका बाजूने उजळतो आणि दुसऱ्या बाजूचा काळा दगड निळसर होतो. सिद्धेश्वर तलावाची पायरी, लक्ष्मी मार्केटच्या भाजीवाल्यांची पालं, होटगी रोडच्या बाजूला नांगरून पडलेली काळी रानं, एवढ्यात तुमची दोन-तीन वर्षं निघतील. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फक्त पेन्सिल घेऊन उभे राहा, हलत्या गर्दीत माणूस दहा सेकंदांत काढायचा सराव तिथल्यासारखा कुठे होणार नाही. फोटोवरून काढायचं वर्षभर तरी बंद करा. मोबाईलचा कॅमेरा सावलीला काळी करून टाकतो, आणि मग सोलापूरच्या सगळ्या सावल्या तुमच्या चित्रात काळ्याच येतात.

सामानात एकच ठिकाणी पैसे खर्च करा, कागदावर. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, कॉटनचा कागद महाग पडतो, पण शीट चार तुकड्यांत कापा. रंग साधे देशी चालतील, आठ-दहा पुरेत. नवशिके उलटं करतात, परदेशी रंगांची पेटी आणि शाळेचा ड्रॉइंग पेपर. तो पेपर पाणी धरत नाही, त्याच्या कापसाळ्या निघतात, आणि दोष हाताला मिळतो.

घरच्यांना कसं सांगायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी थोडं बोलतो, कारण बहुतेकांचं तिथेच अडतं. "मला चित्रकार व्हायचंय" असं वहिनींना सांगू नका. ते ऐकून त्यांच्या डोळ्यांसमोर हप्ता येईल, आणि यायलाच हवा. कागद घेऊन बसा. आज पगार इतका, दोननंतरच्या कामाचा इतका, बाहेरच्या खात्यांचे इतके, तूट इतकी, ती कुठून भरायची. तुम्ही हे आयुष्यभर दुसऱ्यांसाठी करत आलाय. आणि मुलीची बारावी, प्रवेश, पहिल्या वर्षाची फी हे पार पडेपर्यंत पगाराला हात लावू नका. एक वर्ष थांबल्याने तुमचा हात बिघडणार नाही, त्या वर्षात रोज सकाळी तासभर तांब्या काढा. नातेवाईक काय म्हणतील याचं फार मनावर घेऊ नका. आपल्याकडे लग्नकार्यात पहिला प्रश्न "सध्या कुठं असता?" असा असतो. त्याला "चार-पाच पार्ट्यांचे हिशेब बघतो" हे उत्तर पुरतं, पुढे कोणी विचारत नाही. चित्राचं सांगायची घाई करू नका. सांगितलंत की पुढच्या आठवड्यात कोणीतरी नातवाच्या प्रोजेक्टसाठी शिवाजी महाराज काढून मागतो.

प्रदर्शनाचाही विचार इतक्यात नको. जहांगीर आर्ट गॅलरी म्हणजेच प्रदर्शन असं आपल्याकडे वाटतं, आणि तिथल्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे, तिच्या वार्षिक प्रदर्शनात हजेरी लावा, म्हणजे बघायला जा. सकाळच्या गाडीने पुणे-मुंबई करून अस्सल चित्रं बघून येणं हा शिक्षणातला मोठा भाग आहे, आणि त्याला तुम्ही खर्चात धरलेलं नाही. धरा. मोबाईलवर चित्राचा आकार कळत नाही, कागदाचा पोत कळत नाही, चित्रकाराने कुठे हात राखलाय ते कळत नाही. आपली चित्रं दाखवायची तर आधी घरात दाखवा. दिवाळीनंतर एखाद्या रविवारी हॉल रिकामा करून पंधरा चित्रं लावा आणि वीस माणसांना चहाला बोलवा. कोण कुठल्या चित्रापुढे थांबतं ते बघा, बोलतात काय त्याकडे लक्ष देऊ नका, सगळे छानच म्हणतात.

राहिला सहकारी. तो मित्र आहे म्हणून फुकट देऊ नका आणि आपण कलाकार आहोत म्हणून मोठा आकडाही सांगू नका. चित्र पाव शीटचं आहे, अकरा बाय पंधरा इंच. कागद, माउंट, फ्रेम, काच यांची बेरीज करा, तेवढीच रक्कम तुमच्या मेहनतीची वर धरा आणि तोच भाव आकाराप्रमाणे सगळ्यांना लावा, मग मागणारा भाऊ असो की मालक. घासाघीस झाली तर फ्रेम काढून घ्या, चित्राचा भाव कमी करू नका. हातात पैसे आले की साधं बिल द्या, क्रमांक आणि तारीख टाकून. आणि चित्र देण्याआधी त्याचा उजेडात एक नीट फोटो काढून ठेवा, पुढे मागायला गेलात तर ते चित्र सोफ्याच्या मागे ठेवलेलं असेल.